‘जिवाची पर्वा न करता’ म्हणे!



आज जरा भांडायचं आहे. कुणा माणसाशी नाही, एका वाक्प्रचाराशी. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे शब्दांशी भांडायची खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. (आमच्या घरच्यांच्या मते ती वाढली आहे. असो.) तर तो वाक्प्रचार म्हणजे ‘जिवाची पर्वा न करता’.

कुठे आग लागू दे, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हे चार शब्द असायचेच. ‘परिसरातील तरुणांनी जिवाची पर्वा न करता छतावर चढून आग आटोक्यात आणली.’ मग आठवडाभरात सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा आणि मानपत्र. त्या मानपत्रातही पुन्हा तेच. टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि समोर बसलेली बारा-चौदा वर्षांची पोरं मनात एक गोष्ट पक्की करून घरी जातात, की मर्दानगी म्हणजे काहीही हाताशी नसताना वर चढणं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे चार शब्द आपल्या पोरांच्या जिवावर उठले आहेत. जो माणूस दुसऱ्याचा जीव वाचवायला उंचावर चढतो, त्याने सगळ्यात आधी स्वतःच्या जिवाची पर्वा केली पाहिजे. आणि त्याने केली नाही तर ती त्याच्यासाठी आपण केली पाहिजे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. कोल्हापूरच्या पोरांविषयी मला अभिमानच आहे. आपल्याकडे बंबाची घंटा ऐकू यायच्या आत तालमीतली पोरं हजर असतात. कुणी बोलवावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४३ फूट). तेव्हा चिखली-आंबेवाडीपासून शहरातल्या गल्ल्यांपर्यंत ‘व्हाइट आर्मी’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि कुठल्याच संस्थेत नाव नसलेली शेकडो पोरं राबत होती. पगार नाही, हुद्दा नाही. हे सोनं आहे. आणि सोनं आहे म्हणूनच ते असं उघड्यावर टाकू नये, एवढंच म्हणतो आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ‘पॅलेस थिएटर’ ते हेच. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आत सगळं लाकूडकाम. छप्पर गेलं, दगडी भिंती उरल्या. त्या आठवड्यात सकाळी रंकाळ्यावर फिरताना एक गृहस्थ मला म्हणाले, “मास्तर, पोरांना वर चढू दिलं असतं तर वाचलं असतं हो थिएटर.” मी म्हटलं, “थिएटर पुन्हा बांधता येईल. पोरं कुठल्या कंत्राटदाराकडून बांधून आणणार?” त्यांना ते आवडलं नाही. पण माणूस गेला नाही, ही त्या काळ्या रात्रीतली एकमेव चांगली बातमी होती, आणि आपण तिचा नीट आनंदही मानला नाही.

आता उंचीचा हिशेब बघू. आमचे विज्ञानाचे जुने सहकारी अजून खिशात पेन्सिल बाळगून असतात. त्यांनी तो मला कट्ट्यावर बसून करून दाखवला. वीस फुटांवरून म्हणजे सहा मीटरवरून पडणारा माणूस साधारण १.१ सेकंदात जमिनीवर येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. वीस फूट म्हणजे किती? आपल्या गल्लीतल्या दुमजली घराची वळचण. १.१ सेकंदात ‘जय भवानी’सुद्धा पुरतं म्हणून होत नाही. गुरुत्वाकर्षणाला तालमीचं नाव कळत नाही आणि ते कुणाचा फेटाही बघत नाही.

आणि नुसतं चढणं वेगळं, आगीत चढणं वेगळं. आपल्या जुन्या घरांवर मंगलोरी कौलं असतात, खाली रिपा, वासे आणि आढं. आतून आग लागली की आधी लाकूड खाल्लं जातं. कौलं वरून जशीच्या तशी दिसतात, खालचा वासा मात्र कोळसा झालेला असतो. पाय ठेवला की संपलं. गोदामांवर आणि वर्कशॉपवर सिमेंटचे पत्रे असतात. तो पत्रा ऊन-पावसासाठी असतो, माणसाच्या वजनासाठी नाही. जुना झाला, त्यावर पाणी पडलं, खालून तापला, की पापडासारखा मोडतो. जाणकार माणूस चढलाच, तर आधी आडव्या फळ्या टाकतो आणि वजन खालच्या आधारावर येईल असं बघतो. बहुतेक वेळा तो चढतच नाही, बाजूच्या पक्क्या गच्चीवरून पाणी मारतो.

नळीचंही तसंच. बंबाच्या अडीच इंची नळीचा पंधरा मीटरचा एक तुकडा पाण्याने भरला, की त्यात नुसतं पाणीच पंचेचाळीस किलोच्या वर असतं. शिवाय पाणी जोरात सुटलं की नळीचं तोंड मागे रेटा देतं. जमिनीवर तो रेटा दोघांनी मिळून पेलता येतो. शिडीच्या दहाव्या पायरीवर एकटा उभा असलेला पोरगा त्याच रेट्याने उलटा फेकला जातो. म्हणून शिकलेला जवान शिडीवरून पाणी मारायचं तर आधी स्वतःला शिडीला अडकवून घेतो, नळी शिडीला बांधतो, आणि मगच खालच्याला पाणी सोडायची खूण करतो. यात भित्रेपणा कुठे आला?

माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. अक्षर मोत्यासारखं, पुढे साइनबोर्ड रंगवायचा. दहाएक वर्षांपूर्वी त्यांच्या भागात एका वखारीला आग लागली. हा शेजारच्या शेडवर चढला आणि खालून येणाऱ्या बादल्या ओतू लागला. चौथ्या का पाचव्या बादलीला पत्रा मोडला आणि तो आत पडला. उंची जेमतेम पंधरा-सोळा फूट. टाचेचं हाड गेलं, कमरेचा मणका दबला. वखार तशीही जळालीच. मंडळाने सत्कार केला, मानपत्रात आपले चार शब्द होतेच. दवाखान्याचं बिल त्याच्या मेहुण्याने कर्ज काढून भागवलं. साइनबोर्डाचं काम म्हणजे शिडीवरचं काम, ते कायमचं सुटलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, “सर, शाल चांगली आहे हो. पण तिचं काय करू?”

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. पण प्रश्न आपल्या सगळ्यांना आहे, म्हणून इथे लिहिला.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हा शिवरायांचा मुलूख, इथे असं बोलायचं नाही. मी म्हणतो, इथेच बोलायचं! समोर पन्हाळा दिसतो ना? मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी तो घेतला तो निवडक साठ मावळे घेऊन. साठच का? पाचशे का नाहीत? कारण रात्रीच्या अंधारात कडा चढणं हे निवडलेल्या आणि सराव असलेल्या माणसांचं काम आहे, हे त्यांना कळत होतं. जिवाची पर्वा न करणारी गर्दी त्यांनी नेली नाही. जिवावर उदार होणं आणि जिवाशी बेफिकीर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला शौर्य म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते चांगल्या मराठीत लिहिता येत नाही.

आणि हिरकणी आठवा. आख्यायिका आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती माऊली रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला, इथवर गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण पुढे काय केलं? त्या कड्यावर बुरूज बांधला! कौतुकही केलं आणि कडाही बंद केला. आपण त्या गोष्टीतली फक्त साडीचोळी उचलली. बुरूज बांधायचा राहिला तो राहिलाच.

शिकलेल्या, पगारी, अनुभवी माणसांनाही आग सोडत नाही. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन यांचा जखमांमुळे नंतरच्या दिवसांत मृत्यू झाला, संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली गेले. अख्खी हयात आगीत घालवलेली माणसं ती. त्यांच्यापुढे चप्पल घालून कौलावर चढणाऱ्या आपल्या पोराचा काय पाड लागणार?

उलट, स्वयंसेवकांनी उंचीवरचं काम कसं करावं याचाही धडा आपल्या सह्याद्रीतच आहे. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस जण गेले. भर पावसात, धुक्यात, निसरड्या कड्यावरून खाली कोण उतरलं? महाबळेश्वर, पोलादपूर भागातले ट्रेकर्स. हौशी गिर्यारोहक, म्हणजे आपल्या पोरांसारखेच बिनपगारी. पण ते दोर बांधून उतरले. कंबर-मांड्यांना हार्नेस, डोक्याला हेल्मेट, वर दोर सांभाळणारी माणसं. तासन्‌तास त्या दरीतून एकेक मृतदेह वर काढला. त्यांनी जिवाची पुरेपूर पर्वा केली, आणि म्हणूनच त्यांना एवढं मोठं काम करता आलं. जो वाचवायला गेला तोच पडला, तर वाचवायची माणसं एकाने वाढतात आणि वाचवणारे एकाने कमी होतात. हे गणित पहिलीतल्या पोरालाही जमावं.

हे गिर्यारोहक काय पाळतात? मी त्यांच्यातल्या दोघा-तिघांना आणि निवृत्त झालेल्या एका फायरमनला खोदून खोदून विचारलं. साध्या भाषेत सांगतो.

पहिला प्रश्न, ‘वर जायची गरज आहे का?’ जमिनीवरून किंवा पक्क्या गच्चीवरून भागत असेल तर वर जायचंच नाही. दुसरं, वीज तोडल्याशिवाय शिडी उभी करायची नाही, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची तर मुळीच नाही. तिसरं, शिडीला उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढा पाया. सोळा फूट उंचीला भिंतीपासून चार फूट. वरची टोकं काठाच्या तीन पायऱ्या पुढे, खाली एक माणूस शिडी दाबून, आणि चढणाऱ्याचे दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम शिडीला टेकलेले.

चौथं म्हणजे पट्टा. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. पडल्यावर सगळा हिसका कमरेवर आणि पोटावर बसतो, शिवाय माणूस उलटा होऊन त्यातून निसटूही शकतो. खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पूर्ण हार्नेस हवा. त्याला दोन दोऱ्या, दोन हूक. एक सोडायच्या आधी दुसरा अडकलेला. अडकवायचं ते डोक्याच्या वर आणि पक्क्या ठिकाणी, पाण्याच्या पाइपला किंवा गंजक्या ग्रिलला नाही. हिसका शोषणारी लांब दोरी असेल तर ती उलगडून माणूस थांबेपर्यंत खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते, नाहीतर पट्टा असूनही माणूस जमिनीवर आपटतो! म्हणून कमी उंचीवर दोरी आखूड, म्हणजे माणूस काठापर्यंत पोचूच नये अशी. आणि पडून लटकलेला माणूस तसाच ठेवायचा नाही. तो बेशुद्ध असेल तर पायात रक्त साकळून काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. त्याला खाली कसं आणायचं हे चढायच्या आधी ठरलेलं हवं.

पाचवं, दोर. गोठ्यातला कासरा किंवा टेम्पोला माल बांधायची नायलॉनची दोरी हा दोर नव्हे. नायलॉन आगीजवळ वितळतं. माणसासाठीचा दोर वेगळा ठेवायचा आणि त्याने दुसरं काहीही ओढायचं नाही. मंडपाचा बांबूसुद्धा नाही.

बघा, यात एकही गोष्ट अशी नाही जी आपल्या पोराला आठ-दहा रविवारच्या सरावात जमणार नाही.

यावर नेहमीचा सवाल येतो. एका माजी विद्यार्थ्यानेच केला. “सर, आग लागल्यावर पट्टा हुडकत बसायचं व्हय? तवर माणूस जळंल की!” बाबा रे, खरं आहे. म्हणूनच पट्टा आगीच्या दिवशी हुडकायचा नसतो, तो आधीपासून तालमीत खुंटीला असायला हवा. तालमीत लेझीम, दांडपट्टा, हलगी सगळं आपापल्या जागी असतं ना? मिरवणुकीच्या दिवशी कुणी हलगी हुडकत बसत नाही.

दुसरा सवाल, पैसे कुठून आणायचे? याचं तर मला हसूच येतं. चांगला हार्नेस काही हजारांत येतो. हेल्मेट त्याहून स्वस्त. गणपतीच्या एका रात्रीच्या साउंड सिस्टिमवर आपण काय उधळतो हे मी लिहायला नको, खिडक्यांची तावदानं सांगतील.

आणि पोरांना सुरक्षित ठेवता येत नाही असंही नाही. दहीहंडी बघा. २०१४ साली उच्च न्यायालयाने हंडीला वीस फुटांची आणि गोविंदांना अठरा वर्षं वयाची मर्यादा घातली. २०१७ साली उंचीची मर्यादा गेली, चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई राहिली. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, आणि गोविंदाचा मृत्यू झाला तर कुटुंबाला दहा लाखांची मदत जाहीर केली. मोठ्या हंड्यांना आता वरच्या पोराच्या कमरेला दोर असतो, तो वर क्रेनला अडकवलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असतं. उत्तम! मी याच्या विरोधात मुळीच नाही. पण लोण्याच्या मडक्यासाठी चढणाऱ्या पोराला क्रेन, दोर, हेल्मेट आणि विमा. आणि जळत्या घरातल्या म्हातारीसाठी चढणाऱ्या त्याच पोराला नारळ? हा कुठला न्याय?

सरकारलाही सोडत नाही. २०१६ साली केंद्राने ‘आपदा मित्र’ योजना आणली, तीत स्वयंसेवकांना प्रशिक्षण, किट आणि विमा देण्याचं ठरलं. कल्पना चांगलीच होती. पण गल्लीतली आग जिल्ह्याच्या यादीतल्या माणसाची वाट बघत नाही. ती बघते तालमीतल्या पोराची. म्हणून प्रशिक्षण तालमीपर्यंत आलं पाहिजे. अग्निशमन दलाने भागाभागात जाऊन ते द्यावं, महापालिकेने विम्याचा हप्ता भरावा, आणि ज्याने शिक्षण घेतलं नाही त्याला जवानांनी हात धरून शिडीवरून खाली उतरवावं. त्या वेळी गर्दीने ओरडा करू नये.

गर्दीला, म्हणजे तुम्हा-आम्हालाही एक काम आहे. पोरगा कौलावर चढला की खालून शिट्ट्या मारायच्या नाहीत. मोबाइल वर धरायचा नाही. शिट्टीने पाय उचलला जातो, आणि उचललेला पाय कुठे पडेल हे शिट्टी मारणाऱ्याला ठाऊक नसतं. आमच्या भाच्या-पुतण्यांपैकी, नातवांपैकी काही जण मंडळात आघाडीवर असतात, ते हे वाचतीलच. बाळांनो, तुम्हाला घरात बसा असं म्हणत नाही. जा. पण अडकवून चढा.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले साठाहून अधिक अग्निशामक मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवसापासून आठवडाभर सप्ताह पाळतात. माझी सूचना अशी, की त्या आठवड्यात प्रत्येक तालमीने खुंटीवर काय काय आहे याची मोजणी करावी. पट्टे किती, दोर किती, हेल्मेट किती, आणि ते वापरता येणारी पोरं किती. आकडे बाहेर फळ्यावर लिहावेत. अक्षर सुंदर असेल तर फारच छान. असं अक्षर काढणारा एक जण मला ठाऊक आहे, आणि फळा रंगवायला शिडी लागत नाही.

आणि सत्कार करायचाच असेल तर जरूर करा. फक्त शालीऐवजी हार्नेस द्या, आणि मानपत्रात चार शब्द बदला. लिहा, ‘यांनी जिवाची पूर्ण पर्वा करून आग विझवली, आणि स्वतःच्या पायांनी घरी गेले.’ व्याकरणाच्या दृष्टीनेही वाक्य निर्दोष आहे. तपासून घेतलं आहे.

इत्यलम्.